गेममधले बग काढायला खेळाडूंनी जादा पैसे द्यावेत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका छोट्या स्टुडिओचा गेम दोन वर्षांपूर्वी घेतला. गेम सुंदर आहे, पण सेव्ह फाइल (खेळातली प्रगती जिच्यात साठते ती) अधूनमधून खराब होते आणि सगळी मेहनत वाया जाते. स्टुडिओ म्हणतो, दुरुस्तीला पैसे नाहीत. मग ज्यांना गेम आवडतो अशा खेळाडूंनी प्रत्येकी दोनशे-तीनशे रुपये काढून असे बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, दुरुस्त करून घेतले, तर बिघडलं कुठे?

माझं उत्तर: बगसाठी म्हणून पैसे देऊ नका. त्या स्टुडिओला काही द्यावंसं वाटत असेल तर दुसऱ्या गोष्टीसाठी द्या. ती कोणती ते पुढे येईलच. मी पुण्यात गेम टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, आधी टेस्टर म्हणून आणि मग टेस्टरांची टीम सांभाळत. परदेशी गेमचं टेस्टिंग पुण्यात वर्षानुवर्षं चालतं, त्यामुळे बग ज्या यादीत पडून असतात ती यादी मी आतून पाहिली आहे. आधी तिच्याबद्दल सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाची गोम तिथेच आहे.

बग राहिला म्हणजे तो कुणाच्या लक्षात आला नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. मोठ्या गेमच्या बाबतीत हे क्वचितच खरं असतं. गेम बाजारात येतो त्या दिवशीही बगच्या डेटाबेसमध्ये ढिगाने नोंदी उघड्या असतात. प्रत्येक नोंदीला दोन शेरे असतात: तीव्रता आणि प्राधान्य. हे दोन्ही एकच नव्हेत. गेम क्रॅश होणं सर्वांत तीव्र. पण तो क्रॅश एकाच भाषेच्या आवृत्तीत, एकाच मेनूमध्ये, बटणं उलटसुलट दाबल्यावरच होत असेल तर त्याचं प्राधान्य तळाला. उलट जाहिरातीत झळकणाऱ्या नायकाची दाढी हनुवटीपासून बोटभर दूर तरंगत असेल तर तीव्रता जवळपास शून्य, पण प्राधान्य पहिलं. रोज सकाळी प्रोड्यूसर, लीड प्रोग्रॅमर आणि क्यूए (टेस्टिंग) लीड बसून हे ठरवतात. त्याला ट्रायाज म्हणतात. रिलीज जवळ आली की ट्रायाजमध्ये 'वोन्ट फिक्स'चा, म्हणजे 'दुरुस्त करणार नाही'चा, शिक्का सढळ हाताने पडायला लागतो. रात्री जागून पकडलेल्या बगवर तो शिक्का पडला की नवा टेस्टर दोन दिवस कुणाशी धड बोलत नाही. जुन्यांना सवय झालेली असते.

आता खर्चाचं बघू. दुरुस्तीचा खर्च म्हणजे प्रोग्रॅमरने चार ओळी बदलण्याचा खर्च, असं धरलं तर सगळं गणित चुकतं. तुमचाच सेव्ह फाइलचा बग घ्या. तो अधूनमधून होतो, म्हणजे सगळ्यात वाईट जात. आधी कुणीतरी तो हमखास घडवून दाखवला पाहिजे. आम्ही त्याला रिप्रो म्हणतो. ऑटोसेव्ह चालू असताना कन्सोल (गेम खेळायचं यंत्र) स्लीपमध्ये गेला की होतो? क्लाउडवरची प्रत आणि डिस्कवरची प्रत यांच्या वेळा जुळल्या नाहीत की होतो? स्टोरेज भरत आलं की होतो? रिप्रो सापडेपर्यंत टेस्टरांचे तासन् तास जातात आणि हातात काहीच नसतं. मग दुरुस्ती होते, ती बहुतेकदा लहानच असते. त्यानंतर खरी डोकेदुखी, म्हणजे रिग्रेशन. सेव्ह प्रणालीला हात लावला म्हणजे तिला चिकटलेलं सगळं पुन्हा तपासायचं: जुन्या पॅचवरचे (पॅच म्हणजे विक्रीनंतर येणारी दुरुस्तीची अपडेट) सेव्ह नव्यात उघडतात का, डीएलसी (गेमचे वेगळे मिळणारे जादा भाग) असलेल्यांचे, नसलेल्यांचे, भाषा बदलल्यावर, एका कन्सोलवरून दुसऱ्यावर गेल्यावर. कन्सोलचा गेम असेल तर नंतर सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेन्डो यांच्या सर्टिफिकेशनमधून, म्हणजे तपासणीतून, जायचं. तिथे नापास झालं की पुन्हा नवा बिल्ड (गेमची नव्याने तयार केलेली आवृत्ती), पुन्हा रांग.

तेव्हा स्टुडिओ 'पैसे नाहीत' म्हणतो ते दर वेळी रडगाणं नसतं. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे 'फेझ'. २०१२ मध्ये हा गेम एक्सबॉक्स ३६० वर आला. मग आलेल्या पॅचने बरंच काही सुधारलं, पण एक टक्क्याहून कमी खेळाडूंच्या सेव्ह फाइल खराब केल्या. स्टुडिओने तो मागे घेतला, पुन्हा दुरुस्त करायचा विचार केला, आणि मग जाहीर केलं की आहे तोच पॅच परत ठेवतो. कारण नवा पॅच तपासून घेण्यासाठी मायक्रोसॉफ्ट हजारो डॉलर घेणार होती; ती रक्कम दहा हजारांच्या पटीत असल्याचं स्टुडिओने सांगितलं. त्याच वर्षी डबल फाइन स्टुडिओचे टिम शेफर यांनीही पॅच चढवण्याचा खर्च ४०,००० डॉलर असल्याचं सांगितलं होतं. लहान स्टुडिओला हा आकडा झेपणारा नव्हता. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये ही फी काढून टाकली.

खेळाडूंनी वर्गणी काढून ते ४०,००० डॉलर भरले असते तर? त्या एका वेळेपुरता प्रश्न सुटला असता आणि फी मात्र तशीच राहिली असती. फी गेली ती स्टुडिओंनी उघड बोंब मारल्यावर, कन्सोलची पुढची पिढी बाजारात येण्याच्या सुमारास, स्पर्धा वाढल्यावर.

आता पैशाची अजिबात कमतरता नसलेलं उदाहरण. 'जीटीए ऑनलाइन' २०१३ पासून चालू आहे आणि गेमच्या इतिहासातल्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्यांपैकी तो एक. पीसीवर तो सुरू व्हायला काही खेळाडूंना सहा-सहा मिनिटं लागायची. लोकांनी धरून चाललेलं की एवढा मोठा गेम आहे, लागणारच. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका खेळाडू-प्रोग्रॅमरने, सोर्स कोड हातात नसताना, नेमका घोळ शोधून काढला. सुरू होताना गेम १० एमबीची एक मजकूर फाइल वाचायचा, त्यात सुमारे ६३,००० नोंदी. प्रत्येक नोंद वाचताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी तो पुन्हा मोजायचा. वर प्रत्येक नोंद आधी येऊन गेली आहे का, हे बघायला आतापर्यंतची अख्खी यादी पहिल्यापासून चाळायचा. या माणसाने दोन्ही ठिकाणी ठिगळ लावलं आणि लोडिंगचा वेळ सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने मार्चमध्ये ते मान्य करून अपडेट आणली आणि त्याला १०,००० डॉलर दिले. गंमत पुढेच आहे: ती १० एमबीची फाइल म्हणजे गेममध्ये विकत घेता येणाऱ्या वस्तूंची यादी होती. दुकानातला माल वाढत गेला तसं दुकानाचं दार उघडायला जास्त वेळ लागत गेला, आणि आत कुणालाही ते दार तपासावंसं वाटलं नाही. इथे खेळाडूंनी आणखी पैसे दिले असते तर काय झालं असतं? ते तर देतच होते, आणि त्या पैशातून यादी आणखी लांबत होती.

'एलियन्स: कलोनियल मरीन्स' हा २०१३ चा गेम तर एका अक्षरापायी हसं करून घेऊन बसला. त्यातले एलियन मूर्खासारखे वागतात म्हणून समीक्षकांनी झोडपलं होतं. काही वर्षांनी एका मॉडरला, म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल (मॉड) करणाऱ्या चाहत्याला, सापडलं की एका सेटिंग फाइलमध्ये 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं पडलं आहे, त्यामुळे एलियनांना हालचालीची एक महत्त्वाची सूचना पोचतच नाही. ते अक्षर खोडलं की एलियन बरेच शहाणे होतात. ही दुरुस्ती करायला नोटपॅड पुरतं.

ही दोन्ही उदाहरणं मी मुद्दाम शेजारी ठेवतोय. बग दुरुस्त न होण्याचं कारण कधी पैसा असतो, पण बहुतेक वेळा लक्ष दुसरीकडे असणं हे असतं. ते लक्ष कुठे जाईल हे ठरवणारी गोष्ट म्हणजे पुढची कमाई कुठून येणार आहे. म्हणून तुमच्या प्रस्तावात मला मोठा धोका दिसतो तो हा: बगच्या दुरुस्तीतून कमाई व्हायला लागली की बग हा विकायचा माल होतो. कुणी मुद्दाम बग घालून ठेवेल असं मी म्हणत नाही. इतकं कारस्थान करायला स्टुडिओत कुणाला वेळ नसतो. होईल ते याहून साधं. ट्रायाजच्या मीटिंगमध्ये आज एक वाक्य वजनदार असतं: "हा असाच गेला तर लोक पैसे परत मागतील." त्या वाक्यामुळे किती बग सुटतात हे मी पाहिलंय. उद्या त्या जागी "हा असू दे, नंतरच्या फंडात टाकू" हे वाक्य येईल. कुणाचीही नियत वाईट नसताना येईल.

अशा दिशेने जाणाऱ्या गोष्टी आधीच घडल्या आहेत. 'बॅटमॅन: आर्कम ओरिजिन्स' ऑक्टोबर २०१३ मध्ये आला तेव्हा काहींचा गेम मध्येच अडकून पुढे सरकत नव्हता. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्टुडिओकडून सांगण्यात आलं की टीम सध्या येऊ घातलेल्या कथेच्या डीएलसीवर मेहनत घेते आहे आणि आणखी पॅच काढायचा तूर्त बेत नाही. काढलाच तर गेम अडवणाऱ्या बगसाठी असेल, किरकोळ गोष्टींसाठी नाही. डीएलसी विकत द्यायची होती आणि पॅच फुकट. माणसं तीच, तास तेवढेच. मला तर ते निवेदन वाचून राग येण्याऐवजी हसू आलं, कारण प्रत्येक प्रोड्यूसरच्या मनात असतं ते इथे एकाने चुकून लिहून दिलं होतं.

'फॉलआउट ७६' ने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये आलेला हा गेम बगसाठीच गाजला. सामान ठेवायला जागा पुरत नाही ही खेळाडूंची पहिल्यापासूनची तक्रार. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'फॉलआउट फर्स्ट' नावाची वर्गणी आली: महिन्याला १२.९९ किंवा वर्षाला ९९.९९ डॉलर. तिच्यात एक पेटी मिळायची, जिच्यात भंगार सामान अमर्याद साठवता येई. म्हणजे तक्रारीवरचा इलाज, पैसे देऊन. आणि सुरुवातीच्या दिवसांत काही खेळाडूंनी त्या पेटीत टाकलेलं सामान गायबच झालं. कंपनीने ते कबूल करून दुरुस्त केलं. पण बघा, जादा पैसे देऊन घेतलेल्या इलाजातही बग, आणि त्या बगच्या दुरुस्तीला पुन्हा तीच जुनी रांग.

आणि पैशाने बग जातात असं अजूनही वाटत असेल तर 'स्टार सिटिझन' कडे बघा. २०१२ पासून खेळाडूंच्या पैशावर चाललेला हा प्रकल्प ७० कोटी डॉलरच्या वर कधीच गेला, आणि अजून अल्फा, म्हणजे कच्च्या, चाचणीच्या अवस्थेत आहे. तिथे पैसे येतात ते गेममधल्या नव्या अंतराळयानांच्या विक्रीतून, मग नवी यानं तयार होत राहतात.

फक्त दुरुस्तीसाठीच वेगळा निधी ठेवला तर? हा प्रयोग मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात झालेला आहे. बाउंटीसोर्स या ठिकाणी लोक एकेका बगवर बक्षीस लावत, दुरुस्त करणारा ते घेई. कल्पना चोख होती. पण कुणाला पैसे मिळत? जो शेवटची ओळ लिहितो त्याला. रिप्रो शोधणारा, रिग्रेशन करणारा, नंतर वर्षभर ती दुरुस्ती सांभाळणारा कोरडाच. शिवाय एखादा बग घाईत बुजवून दोन नवे तयार केले तरी बक्षीस पक्कं. २०२३ मध्ये तिथून लोकांचे पैसेच निघेनासे झाले आणि तो कारभार बुडाला.

आपल्यासारख्यांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. पैसे लावून बग निवडायचे म्हटलं की तो लिलाव होतो. लिलावात अमेरिकेतला खेळाडू पाच डॉलर सहज टाकेल. जळगावात सेकंडहँड ग्राफिक्स कार्डवर खेळणाऱ्या मुलाला चारशे रुपये जड आहेत, आणि क्रॅश बहुधा त्याच्याच मशीनवर होणार, कारण जुन्या ड्रायव्हरचे बग जुन्याच हार्डवेअरवर दिसतात. 'फेझ' च्या वेळी ते एक टक्क्याहून कमी लोक होते. असे लोक कुठल्याही वर्गणीत हरणारच. आजची प्राधान्याची पद्धत सदोष आहे, पण 'सेव्ह उडते म्हणजे उडते, ज्याची उडते तो कुठलाही असो' असं म्हणायची सोय तिच्यात निदान आहे.

इथे मला घराचं उदाहरण जवळचं वाटतं. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत, एक पैसाही न घेता, दूर करायचा असतो. त्याच इमारतीत आपण दर महिन्याला सोसायटीचा मेंटेनन्सही भरतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसते, निदान तत्त्वतः. लिफ्टला तेल, वॉचमनचा पगार, पाण्याची मोटर हे चालू खर्च. भिंतीतून पाणी झिरपतं तो दोष. पहिल्याचे पैसे देणं रास्त, दुसऱ्याचे मागणं बेकायदा. गेमच्या बाबतीत आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो आणि स्टुडिओही सोयीप्रमाणे करतात.

युरोपने ही रेघ कायद्यातच ओढली. तिथल्या २०१९/७७० क्रमांकाच्या निर्देशानुसार, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, विकलेली डिजिटल वस्तू सांगितल्याप्रमाणे चालत नसेल तर विक्रेत्याने ती विनामूल्य दुरुस्त करायची, आणि ती चालती राहण्यासाठी लागणाऱ्या अपडेटही पुरवायच्या. ऑस्ट्रेलियात, स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने 'आमच्याकडे परतावा नाही' असं ग्राहकांना सांगितलं म्हणून तिथल्या फेडरल कोर्टाने २०१६ मध्ये ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ई-कॉमर्सच्या व्याख्येतच 'डिजिटल उत्पादनं' हे शब्द आहेत. तीन हजारांच्या गेमसाठी जिल्हा आयोगात कोण जाणार, हे खरंच. पण १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला काही लागत नाही.

मग पैसे कशाला द्यावेत? 'सायबरपंक २०७७' ची गोष्ट माझ्या मते ही रेघ कुठे असावी हे दाखवते, आणि ती कुठे चुकते तेही. १० डिसेंबर २०२० ला गेम आला, पीएस४ वर त्याची अवस्था इतकी वाईट होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून उतरवला आणि परतावा दिला. जून २०२१ मध्ये तो परत आला. पुढची काही वर्षं पॅच येत राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये २.० अपडेट आली, तिने पोलिसांपासून कौशल्यांपर्यंत सगळं नव्याने बांधलं आणि ती सगळ्यांना फुकट होती. पाचच दिवसांनी 'फँटम लिबर्टी' ही नवी कथा आली, तिचे वेगळे पैसे. दोषाची दुरुस्ती फुकट, नवा ऐवज विकत: हिशेब चोख. फक्त ती २.० अपडेट पीएस४ आणि एक्सबॉक्स वन वर आलीच नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त सोसलं त्यांच्याच हाती ती लागली नाही, आणि कौतुकाच्या लेखांत हे वाक्य क्वचितच सापडतं.

दुसरं उदाहरण ताजं आणि जास्त गुंतागुंतीचं. जून २०२५ मध्ये निन्टेन्डोचा स्विच २ हा नवा कन्सोल आला. 'पोकेमॉन स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' हे २०२२ चे गेम जुन्या स्विचवर अडखळत चालायचे. नव्या मशीनसाठी त्यांची अपडेट फुकट मिळाली आणि ते सुरळीत झाले. 'झेल्डा' च्या दोन गेमना मात्र चांगलं रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट देण्यासाठी ९.९९ डॉलरचा अपग्रेड पॅक ठेवला. लोक चिडले. मला विचाराल तर झेल्डा जुन्या मशीनवर मुळात नीट खेळता येत होता, त्यामुळे नव्या मशीनवरची सुधारणा ही नवी वस्तू धरता येते. पोकेमॉनसाठी कुणी पैसे मागितले असते तर मी चिडणाऱ्यांत सगळ्यात पुढे असतो.

चालू खर्चासाठी पैसे देण्याच्या पद्धती जुन्या आहेत आणि त्यात गैर काही नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ पासून मासिक वर्गणीवर चालतो. सर्व्हर, सपोर्ट, पॅच सगळं त्यातच. वर्गणी असली की स्टुडिओला बग काढण्यात स्वार्थ असतो, कारण वैतागलेला माणूस पुढच्या महिन्यात भरत नाही. पैसे बगला चिकटलेले नसतात, गेम चालता राहण्याला चिकटलेले असतात. 'फॅक्टोरियो' ने तिसरीच वाट घेतली. वूब सॉफ्टवेअरने तो कधी सेलमध्ये लावला नाही, उलट जानेवारी २०२३ मध्ये महागाईचं कारण देऊन किंमत ३० वरून ३५ डॉलर केली. बदल्यात ते बारीकसारीक बगसुद्धा इतक्या हट्टाने काढतात की टेस्टर म्हणून मला हेवा वाटतो. दुरुस्तीचा खर्च त्यांनी किमतीत आधीच धरलेला आहे आणि तो उघडपणे मागितला आहे.

आणि 'ड्वार्फ फोर्ट्रेस'. दोन भावांनी २००६ पासून हा गेम फुकट दिला, लोकांच्या देणग्यांवर जगले. त्यातला एक बग माझा फार लाडका आहे: खानावळीत मांजरं मरायला लागली. कारण काय, तर जमिनीवर सांडलेली बिअर त्यांच्या पायांना लागे, ती पाय चाटत, आणि गेम प्रत्येक चाटणं म्हणजे पूर्ण पेला धरत असे. देणगीदारांनी कधी 'आधी मांजरं दुरुस्त करा, मग पैसे' असं म्हटलं नाही; त्यांनी त्या दोघांना जगवलं आणि काय करायचं ते त्यांच्यावर सोडलं. डिसेंबर २०२२ मध्ये पैसे घेऊन विकायची चित्रमय आवृत्ती आली, ती धडाक्यात खपली, आणि मगच त्यांना हाताखाली आणखी एक प्रोग्रॅमर घेता आला.

एक अपवाद करतो. स्टुडिओच उरला नसेल तर वरचे नियम लागू नाहीत. 'व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स' २००४ मध्ये अर्धाकच्चा बाजारात आला आणि काही महिन्यांत ट्रॉयका स्टुडिओ बंद पडला. पुढे वर्नर श्पाल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने फावल्या वेळात अनधिकृत पॅच काढले, आजही लोक तो गेम त्यांच्यामुळेच खेळतात. अशा माणसाला तुम्ही स्वखुशीने काही पाठवलंत तर मी कशाला अडवू? त्याने तुम्हाला काही विकलेलं नाही, दोष त्याचा नाही. मात्र अशा दुरुस्तीचं दुकान मांडताना जपून. एप्रिल २०१५ मध्ये वाल्व्ह आणि बेथेस्डा यांनी 'स्कायरिम' चे मॉड विकायला काढले, त्यात मॉडरला २५ टक्के आणि बाकीचे दोन कंपन्यांना. स्कायरिमचे कित्येक बग चाहत्यांच्याच अनधिकृत पॅचने काढलेले. म्हणजे आमच्या चुका तुम्ही निस्तरा, त्या विका, आणि तीन चतुर्थांश आम्हाला द्या. चार दिवसांत गुंडाळावं लागलं.

तुमच्या गेमकडे येतो. स्टुडिओ जिवंत आहे, लहान आहे आणि सेव्ह उडते. असा बग 'वोन्ट फिक्स' मध्ये टाकण्याच्या लायकीचा नाही, हे त्यांनाही माहीत असणार. बहुधा रिप्रो सापडत नाहीये. तेव्हा तीनशे रुपयांऐवजी त्यांना हे द्या: खराब झालेली सेव्ह फाइल जशीच्या तशी, आणि शक्य असेल तर तिच्या आधीची चांगली प्रतही. गेमची आवृत्ती, मशीन, ऑपरेटिंग सिस्टिम, क्लाउड सेव्ह चालू होतं की बंद. सेव्ह उडण्याआधीच्या दहा मिनिटांत काय काय केलं, क्रमाने, आणि त्यात 'काही विशेष नाही' असं लिहू नका; लॅपटॉप झाकला, वीज गेली, हेडफोन काढले, सगळं लिहा. किती वेळा खेळल्यावर किती वेळा झालं तेही. 'तुमचा गेम भंगार आहे' हे वाक्य शेवटी हवं तर टाका, आम्ही ते वाचून पुढे जातो. तुमच्यासारखे आणखी पाचजण असा तपशील देतील तर एखाद्या लहान टीमचे कित्येक दिवस वाचतात, आणि ते त्या तीनशे-तीनशे रुपयांच्या बेरजेपेक्षा कितीतरी महाग असतात.

त्यांना पैशानेच मदत करायची असेल तर त्यांचा पुढचा गेम किंवा डीएलसी घ्या, तेही सेव्हचा पॅच आल्यावर, आणि का थांबलोय ते त्यांना कळवा. स्टीमवर घेतलेला नवा गेम असेल तर चौदा दिवस आणि दोन तास खेळणं, या मर्यादेत परतावा मिळतो, हे लक्षात ठेवून पहिल्याच आठवड्यात गेम दोन-चार वेळा सेव्ह करून, बंद करून, पुन्हा उघडून बघत जा. दोन वर्षांपूर्वीच्या या खरेदीला आता तो उपाय नाही. पॅच येईपर्यंत सेव्हचं फोल्डर दर आठवड्याला हाताने दुसरीकडे कॉपी करून ठेवा, आणि क्लाउड सिंक चालू असेल तर ती प्रत त्या फोल्डरच्या बाहेर ठेवा, नाहीतर सिंक चांगल्या फाइलवरही खराब फाइल चढवेल.